आधी भरती, मग ऊन: इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पहिल्यांदा बोटीने फिरताना

लंडन, रेडिंग किंवा मिल्टन कीन्सला नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांत मे महिना लागला की समुद्रावर जायचे बेत सुरू होतात. हवामानाच्या ॲपवर सूर्य दिसला की शनिवारी सकाळी डबे भरायचे आणि गाडी काढायची. दुपारी पोचावं तर समुद्र कुठल्या कुठे आत गेलेला आणि समोर नुसता चिखल. नाहीतर उलट, पाणी थेट भिंतीला लागलेलं आणि मुलांना खेळायला वाळूच नाही. या किनाऱ्यावर दिवस ठरवताना भरती पहिली, वारा दुसरा आणि ऊन तिसरं. एवढा क्रम पाळला तर इथला समुद्र फार देखणा आणि नव्या माणसाला सांभाळून घेणारा आहे.

पूर्वेला हेस्टिंग्जपासून पश्चिमेला डेव्हनपर्यंतचा हा सगळा किनारा एका लेखात बसणार नाही. त्यामुळे भर सोलेंटवर दिला आहे. हॅम्पशायरचा किनारा आणि आइल ऑफ वाइट हे बेट यांच्यामधला, सुमारे ३० किलोमीटर लांबीचा हा पाण्याचा पट्टा. बेटाच्या आडोशामुळे मोठ्या लाटा आत येत नाहीत, दर थोड्या अंतरावर बंदर आहे, लंडनहून थेट रेल्वे आहे. शिकायला आणि कुटुंबाला घेऊन फिरायला यापेक्षा चांगली जागा मला या देशात माहीत नाही.

पायरी १: तारीख ठरवण्याआधी भरती-ओहोटी बघा

ब्रिटनच्या हायड्रोग्राफिक ऑफिसची ईझीटाइड ही सेवा प्रत्येक बंदराच्या पुढच्या सात दिवसांच्या वेळा फुकट दाखवते. तिथे दोन गोष्टी बघायच्या: भरती किती वाजता आणि पाणी किती मीटर. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं, म्हणून रोजची वेळ सरासरी पाऊण-एक तासाने पुढे सरकते. शनिवारी बघितलेली वेळ रविवारी चालत नाही.

सात दिवसांच्या पुढचा अंदाज हवा असेल तर कोकणातल्या माणसाचं ज्ञान इथे जसंच्या तसं उपयोगी पडतं. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती-ओहोटी, आणि अष्टमीनंतर भांग, म्हणजे सर्वांत लहान. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी बघून महिनाभर आधी सुट्टीचा शनिवार ढोबळमानाने निवडता येतो. पोर्ट्समथला उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि संध्याकाळी पाच-सहाला पाणी पार खाली जातं. भरती-ओहोटीतला फरक तेव्हा जवळजवळ ४ मीटर असतो, भांगाला त्याच्या निम्मा. मुलांना वाळूत खेळवायचं असेल तर उधाणाच्या दिवसांत दुपार उलटल्यावर वाळू मोकळी होत जाते. बोट चालवायला शिकायचं असेल तर भांगाचे दिवस बरे, कारण पाण्याची ओढ कमी असते. तिथीवरून फक्त अंदाज बांधायचा. निघण्याआधी आकडे तक्त्यातच बघायचे.

एक फसगत हमखास होते. छापील तक्त्यांत वेळा बहुधा ग्रीनिच प्रमाणवेळेत असतात आणि मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं एक तास पुढे असतात. तक्त्यावर ‘उन्हाळी वेळ धरलेली आहे’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर एक तास मिळवा.

सोलेंटचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. साउथॅम्प्टनला पाणी चढतं, थोडं थबकतं आणि पुन्हा चढतं. म्हणजे एकाच भरतीला दोन शिखरं. बेटाच्या दोन्ही टोकांनी पाणी आत शिरतं म्हणून असं होतं, असं बोटवाल्यांच्या तोंडून ऐकायला मिळतं. ते खरं कारण नाही. इंग्लिश खाडीच्या या मधल्या भागात भरतीची मूळ लाट कमकुवत पडते आणि उथळ पाण्यामुळे तिचा बिघडलेला आकार उठून दिसतो. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की भरलेलं पाणी बराच वेळ टिकतं आणि मग ओहोटी थोड्या तासांत भरभर होते. पाणी पहिल्या तासात एक हिस्सा उतरतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असा बारा हिश्शांचा नियम पुस्तकांत शिकवतात. सोलेंटमध्ये त्याच्यावर विसंबू नका, तिथल्या बंदराचा आलेखच बघा.

भरतीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत जमिनीवरही मोजावी लागते. चिचेस्टरजवळच्या बॉझम गावात पाण्याकाठचा रस्ता भरतीला बुडतो आणि तिथे उभ्या केलेल्या गाड्यांत खारं पाणी शिरतं. तशा पाट्या लावलेल्या आहेत. गाव अतिशय सुंदर आहे, जरूर जा, पण गाडी वरच्या वाहनतळावर लावा.

पायरी २: वाऱ्याचा आकडा

हवामान खात्याचा किनाऱ्यालगतच्या पाण्याचा अंदाज ‘सेल्सी बिल ते लाइम रेजिस’ या पट्ट्यासाठी वेगळा मिळतो. सोलेंट त्यातच येतं. वाऱ्याचा जोर ब्यूफोर्ट आकड्यांत सांगतात. ३ असेल तर सगळ्यांसाठी छान. ४ म्हणजे ११ ते १६ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), शिडाच्या बोटीला मजेचा, पण पहिल्यांदा येणाऱ्याच्या पोटाला थोडा जड. ५ असेल तर मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन लहान बोटीत बसू नका. ६ आणि पुढे असेल तर किनाऱ्यावरूनच समुद्र बघा.

नुसता आकडा पुरत नाही, दिशाही बघावी लागते. इथे बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून वारा येतो. पाण्याचा प्रवाह त्याच्या विरुद्ध जात असला की तासाभरापूर्वी शांत असलेल्या पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात आणि बोट आपटायला लागते. वारा तोच, आकडाही तोच, फक्त भरती फिरलेली असते.

आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या बीचवर उत्तरेचा वारा सुटला असेल तर विशेष सावध राहा. काठाजवळ पाणी आरशासारखं शांत दिसतं, कारण वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतो. त्याच वेळी हवेने फुगवलेली गादी किंवा स्वस्तातला पॅडलबोर्ड मुलासकट खोल पाण्याकडे ढकलला जातो आणि वल्हं मारून परत येता येत नाही. अशा वेळी जीवरक्षक नारिंगी रंगाचं कापडी वातसूचक लावतात. ते दिसलं की फुगवलेली कुठलीही वस्तू पाण्यात न्यायची नाही.

पायरी ३: पहिली फेरी प्रवासी म्हणून

नव्या माणसाने पहिल्याच दिवशी बोट भाड्याने घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आधी फेरीबोटीत बसा. प्रवाह, वाट दाखवणारे तरंगते बोये, जहाजांची ये-जा हे सगळं डेकवरून शांतपणे बघा आणि घरच्यांपैकी कोणाला बोट लागते तेही कळू द्या.

सर्वांत सोपा मार्ग लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून. गाडी पोर्ट्समथ हार्बरला जाते आणि हे स्टेशन पाण्यावरच बांधलेलं आहे. फलाटावरून उतरून चालत गेलं की बेटावरच्या राइड गावाला जाणारी कॅटमरान (जोड-सांगाड्याची वेगवान बोट) मिळते, पंचविसेक मिनिटांत तुम्ही आइल ऑफ वाइटवर. रेल्वे आणि बोट मिळून राइडपर्यंतचं एकच तिकीट काढता येतं. पोर्ट्समथच्याच साउथसी भागातून राइडला हॉवरक्राफ्टही सुटते. हवेच्या गादीवर तरंगत, पाणी उडवत ती दहा मिनिटांत थेट वाळूवर चढते. ही सेवा १९६५ पासून चालू आहे आणि अशी वर्षभर चालणारी प्रवासी सेवा आज जगात जवळपास कुठेच उरलेली नाही. मुलं असतील तर जाताना हॉवरक्राफ्ट आणि येताना कॅटमरान घ्या. गाडी न्यायची असेल तर पोर्ट्समथ ते फिशबर्न, साउथॅम्प्टन ते ईस्ट काउझ आणि लिमिंग्टन ते यार्मथ असे तीन मार्ग आहेत. शेवटचा सर्वांत रम्य, कारण बोट खारफुटीसारख्या दिसणाऱ्या दलदलीतून नागमोडी वाट काढत बाहेर पडते. शाळांच्या सुट्टीत गाडीचं तिकीट खूप महाग होतं, आरक्षण लवकर करा. बेट ब्रिटनचाच भाग आहे, त्यामुळे पासपोर्ट किंवा वेगळ्या व्हिसाचा प्रश्न येत नाही.

राइडला उतरलात की १८१४ मध्ये खुला झालेला धक्का पायाखाली असतो. हा धक्का अर्धा मैल लांब का बांधला, हे ओहोटीच्या वेळी गेलात तर न सांगता कळतं. दोन्ही बाजूंना दूरवर नुसती वाळू असते. धक्क्यावरून धावणारी छोटी रेल्वे लंडनच्या डिस्ट्रिक्ट लाइनवरून निवृत्त झालेले डबे नव्याने सजवून चालवतात.

राइडहून ईस्ट काउझकडे जाणारी बस पकडा आणि ऑस्बर्न हाउस बघा. व्हिक्टोरिया राणीचं हे उन्हाळी घर, २२ जानेवारी १९०१ ला ती इथेच वारली. भारतीय माणसाने इथला दरबार हॉल चुकवू नये. १८९० च्या सुमारास लाहोरच्या कलाशाळेतले भाई राम सिंग इथे आले आणि त्यांच्या आराखड्यावरून छत आणि भिंती पांढऱ्या नक्षीकामाने भरल्या गेल्या. शेकोटीच्या वर पिसारा फुलवलेला मोर आहे. ज्या कारागिराच्या हातून हे घडलं त्याचं नाव आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत आहे, म्हणून तिथे जरा जास्त वेळ उभं राहावं असं मला वाटतं. घरापासून खाली चालत गेलं की राणीचा खासगी बीच लागतो, तो आता सर्वांना खुला आहे.

पोर्ट्समथलाच थांबायचं असेल तर ऐतिहासिक गोदी बघायला पूर्ण दिवस लागतो. सोलेंटमध्ये १५४५ साली बुडालेली आणि १९८२ साली वर काढलेली मेरी रोझ ही युद्धनौका तिथे आहे. मुंबईकरांसाठी आणखी एक धागा सांगतो. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ट्रिंकोमाली ही शिडाची युद्धनौका विसाव्या शतकात अनेक वर्षं याच बंदरात मुलांना नौकानयन शिकवण्यासाठी नांगरलेली होती. ती आता उत्तरेला हार्टलपूलमध्ये जतन केली आहे.

पायरी ४: तासाभरासाठी सुकाणू हातात

यानंतर स्वतः बोट चालवून बघायची, पण उघड्या समुद्रात नाही. क्राइस्टचर्चच्या धक्क्यावर छोट्या मोटरबोटी तासाच्या भाड्याने मिळतात. परवाना लागत नाही, दहा मिनिटांत समजावून देतात आणि नदी व आतलं उथळ बंदर एवढ्यातच फिरायचं असतं. वेअरहॅमला फ्रोम नदीवर वल्ह्यांच्या होड्या मिळतात. दोन्ही ठिकाणी सकाळी लवकर जा. दुपारी रांग लागते आणि वाराही वाढतो, कारण तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून वारे वाहू लागतात.

होडीत चढताना एकेकाने, पाय मधोमध ठेवून, वाकून चढायचं. उभं राहून जागा बदलायची नाही. समोरून बोट आली तर आपण उजवीकडे सरकायचं. धक्क्याला लागताना वारा किंवा प्रवाह यांपैकी ज्याचा जोर जास्त, त्याच्या तोंडावर जात हळूहळू लागायचं, म्हणजे बोट आपोआप थांबते. आणि बोट धक्क्याला आदळेल असं वाटलं तरी मध्ये हात किंवा पाय घालायचा नाही. तीन-चारशे किलोच्या बोटीखाली बोटं चिरडतात. त्यासाठी रबरी फेंडर असतात.

स्वतः चालवायचं नसेल तर पूल शहराच्या धक्क्यावरून ब्राउनसी बेटावर जाणारी बोट घ्या. पूलचं बंदर जगातल्या सर्वांत मोठ्या नैसर्गिक बंदरांपैकी एक आहे. ब्राउनसीवर बेडन-पॉवेलने १९०७ मध्ये मुलांचं पहिलं शिबिर भरवलं आणि त्यातून स्काउट चळवळ उभी राहिली. इंग्लंडच्या दक्षिणेत जवळजवळ नाहीशा झालेल्या लाल खारी तिथे अजून आहेत. नॅशनल ट्रस्टचं सदस्यत्व असेल तर बेटावरचा प्रवेश त्यात येतो, बोटीचे पैसे मात्र वेगळे.

पायरी ५: शिडाच्या बोटीवर राहायची सुट्टी

आता खरी गोष्ट. चार-पाच दिवस बोटीवरच राहायचं, रोज नव्या बंदरात झोपायचं.

ब्रिटनमध्ये खासगी बोट समुद्रात चालवायला कायद्याने परवाना लागत नाही, हे ऐकून नव्या लोकांना आश्चर्य वाटतं. पण भाड्याने बोट देणारे तुमची पात्रता विचारतातच आणि तसंच असायला हवं. पात्रता मिळवायची तर रॉयल यॉटिंग असोसिएशनचे अभ्यासक्रम आहेत. दोन दिवसांचा ‘स्टार्ट यॉटिंग’ फक्त ओळख करून देतो. पाच दिवसांच्या ‘कॉम्पिटंट क्रू’मध्ये तुम्ही खरे खलाशी होता: शीड चढवणं, गाठी, सुकाणू, रात्रीची पाळी. त्यानंतर ‘डे स्किपर’, त्यात आधी नकाशा आणि भरतीचं गणित आणि मग पाण्यावरचे पाच दिवस. मला स्वतःला ‘कॉम्पिटंट क्रू’ हाच सुट्टीचा उत्तम मार्ग वाटतो. राहणं, बहुतेक ठिकाणी जेवण आणि शिकणं एकाच पैशांत होतं आणि चुका करायला शेजारी शिकवणारा माणूस असतो. हॅम्बल, साउथॅम्प्टन, गॉस्पोर्ट, लिमिंग्टन इथे अशा शाळा भरपूर आहेत.

शिकायचं नसेल, नुसतं फिरायचं असेल, तर स्किपरसह, म्हणजे बोट चालवणाऱ्या कप्तानासह, बोट घ्या. दोन कुटुंबांत मिळून खर्च वाटला जातो. पैसे भरण्याआधी हे विचारा: मुलांच्या मापाची लाइफजॅकेटं आहेत का, इंधन आणि मरीनाचं (बोटी लावायच्या बंदराचं) भाडं कोणी द्यायचं, अनामत किती, हवामानामुळे निघता आलं नाही तर काय, आणि स्किपरचं जेवण तुमच्याकडे आहे का. शेवटचं उत्तर बहुधा ‘हो’ असतं. मरीनाचं रात्रीचं भाडं बोटीच्या लांबीवर, मीटरप्रमाणे ठरतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्ग असा आखता येईल. हॅम्बलहून निघून पहिली रात्र काउझला. दुसऱ्या दिवशी ओहोटीबरोबर पश्चिमेला न्यूटाउन नदीत नांगर टाकायचा. हे नॅशनल ट्रस्टचं शांत नैसर्गिक बंदर आहे, तिथे दुकान नाही, नळ नाही, फक्त पक्षी आणि दलदल. पाणी आणि शिधा आधीच भरून घ्या. तिथून यार्मथ, मग समोरच्या काठावर ब्यूली नदीत शिरून बकलर्स हार्ड. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या आवडत्या अगामेम्नॉन जहाजाला १७८१ मध्ये याच छोट्याशा गावात आकार मिळाला होता. दोन रांगांतल्या घरांमधून उतरणारा तो गवताचा रुंद उतार बघताना एवढं मोठं जहाज इथे उभं राहिलं यावर विश्वास बसत नाही. मग परत हॅम्बल.

या मार्गात अंतरं कमी आहेत, पण प्रवाहाचा हिशेब चुकवून चालत नाही. सोलेंटमधला प्रवाह साधारण पोर्ट्समथच्या भरतीच्या थोडा आधी पश्चिमेकडे वळतो आणि चार-पाच तास तसाच वाहतो. सोलेंटच्या पश्चिम तोंडाशी हर्स्ट किल्ल्याजवळ पाणी अरुंद होतं आणि उधाणाला प्रवाह ४ नॉटच्या वर जातो. तुमची बोट पाण्यातून ५ नॉटने जात असेल तर त्याच्या विरुद्ध जमिनीच्या हिशेबाने तुम्ही जेमतेम १ नॉटने पुढे सरकता, आणि त्याच्याबरोबर गेलात तर ९ ने. म्हणून इथला प्रत्येक स्किपर सकाळी चहा घेताना आधी भरतीची वेळ बघतो आणि मग निघायची वेळ सांगतो. त्याने पहाटे पाचला उठवलं तर तक्रार करू नका. हर्स्टच्या पुढे नीडल्सचे पांढरे खडूचे सुळके आणि १८५९ चं दीपगृह आहे. ते बघायला मन ओढ घेतं, पण तिथे आडोसा संपतो. वारा पश्चिमेचा असेल तर आलम बेहून सुटणाऱ्या पर्यटकांच्या बोटीतूनच बघितलेलं बरं.

साउथॅम्प्टन हे कंटेनरचं आणि मोठ्या क्रूझ जहाजांचं बंदर आहे. कॅलशॉट ते काउझच्या भागात १५० मीटरहून लांब जहाज चालत असेल तर त्याच्या पुढचं १००० मीटर आणि दोन्ही बाजूंचं १०० मीटर पाणी लहान बोटींना बंद असतं. ती जहाजं तिथे मोठं वळण घेतात, ती तुमच्यापासून दूर जातायत असं वाटत असतानाच तुमच्याकडे वळतात. त्यांना झटकन थांबता येत नाही, तेव्हा बाजूला होणं आपलंच काम. शेजारीच ब्रॅम्बल बँक हा वाळूचा उंचवटा आहे. वर्षातल्या एका मोठ्या ओहोटीला तो उघडा पडतो आणि दोन नौकानयन क्लब त्यावर क्रिकेटचा सामना खेळतात. पाणी परत चढायला लागलं की सामना संपतो. एरवी त्याच वाळूत बेसावध बोटी रुततात.

बोटीवरचं स्वयंपाकघर छोटं असतं. पहिल्या दोन जेवणांचं घरूनच करून न्या: पोळ्या, मेथीचे ठेपले, कोरडी चटणी, दही-भात. झाकण घट्ट बसणारा लहान प्रेशर कुकर बोटीवर फार कामाचा, कारण बोट कलली तरी आतलं सांडत नाही. फोडणीचा बेत मात्र बंदरात लागल्यावरच. गॅस वापरून झाला की सिलिंडरपाशीच बंद करायचा. तो हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने पेटतो. संडास हातपंपाचा असतो, कसा चालवायचा ते पहिल्याच तासात नीट शिकून घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला शिकवा. पाण्याची टाकी मर्यादित, तेव्हा आंघोळ मरीनावरच्या स्नानगृहात.

फ्रान्सपर्यंत जाऊन यायचा मोह बोटीवर हटकून निघतो. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा आणि ब्रिटनमध्ये परत शिरायचा हक्क, दोन्ही आधी पक्कं हवं. शिवाय दोन्हीकडे निघण्या-पोचण्याची नोंद करावी लागते. पहिल्या सहलीत हे नकोच.

पायरी ६: सामान

जमिनीवर २२ अंश असलं तरी पाण्यावर वाऱ्यात थंडी वाजते. तीन पातळ थर आणि वरून वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. पांढऱ्या किंवा डाग न पाडणाऱ्या रबरी तळाचे बूट, कडक सूटकेसऐवजी घडी होणारी कापडी बॅग, टोपीला दोरी, चष्म्याला दोरी. ढगाळ हवेतही सनस्क्रीन लावा, पाण्यावरून परतणारं ऊन चेहरा भाजून काढतं. बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या दीड-दोन तास आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. सिनारिझिनसारख्या गोळ्या दुकानात मिळतात, पण झोप येते, तेव्हा फार्मासिस्टला विचारा आणि नंतर गाडी कोण चालवणार ते ठरवा. आलेपाक जवळ ठेवा. मळमळायला लागलं तर खाली केबिनमध्ये आडवं व्हायला जाण्यापेक्षा वर बसून क्षितिजाकडे बघा, शक्य असेल तर सुकाणूच हातात घ्या. बहुतेकांना त्याने आराम पडतो.

पायरी ७: पाण्यात उतरताना

हा भाग मी हळू वाचायची विनंती करतो. आपल्यातले अनेक जण पोहायला उशिरा शिकतो किंवा शिकतच नाही, आणि इथलं पाणी गार असतं. सर्वांत उबदार महिना ऑगस्ट-सप्टेंबर, तेव्हाही १७ ते १९ अंश. मे महिन्यात बाहेर कडक ऊन असतं आणि पाणी जेमतेम १२-१३ अंश. एकदम उडी मारली तर श्वास अचानक ओढला जातो, त्याच क्षणी तोंडात पाणी जातं आणि चांगला पोहणाराही गडबडतो. हळूहळू उतरा. तोल गेला, दमछाक झाली, तर हातपाय मारू नका. डोकं मागे टाका, कान पाण्यात, चेहरा वर, आणि श्वास ताळ्यावर येईपर्यंत तरंगत राहा. हे घरच्या सगळ्यांकडून तलावात एकदा करून घ्या.

जीवरक्षक असलेलाच बीच निवडा. लाल-पिवळ्या दोन झेंड्यांमध्येच पोहायचं. काळे-पांढरे चौकडे म्हणजे सर्फबोर्ड आणि कयाकची जागा. लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊल नाही. बोर्नमथला मैलोन् मैल वाळू आणि उन्हाळ्यात जीवरक्षक आहेत, लहान मुलांसाठी मी तेच सुचवेन.

ससेक्समधल्या कॅम्बर सँड्सवर २०१६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून आलेले पाच तरुण मित्र एकाच दिवशी बुडाले. सगळे तमिळ कुटुंबांतले होते. तो बीच सपाट आणि निरुपद्रवी दिसतो. पण ओहोटीला माणसं लांबवर वाळूच्या उंचवट्यांवर चालत जातात आणि भरतीचं पाणी त्यांच्या मागच्या खोलगट भागातून आधी शिरतं. समोर बघणाऱ्याला ते दिसतच नाही. अशा सपाट किनाऱ्यांवर पाणी फिरायच्या वेळेला फोनवर गजर लावा आणि त्याआधी परत निघा.

ओहोटीच्या उथळ पाण्यात वाळूत लपलेला वीव्हर मासा काट्याने डंख करतो. कळ भयंकर असते. सोसेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवणं हाच उपाय, जीवरक्षकांकडे सोय असते. रबरी बूट घातले की प्रश्नच येत नाही. जोराचा पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस पोहू नका, सांडपाणी समुद्रात सोडलेलं असू शकतं. पर्यावरण खात्याच्या यादीत त्या बीचच्या पाण्याची प्रत बघता येते.

इतर जागा, थोडक्यात

ब्रायटनला वाळू नाही, गोटे आहेत. छोट्या मुलांचा तिथे विरस होतो. पण मराठी माणूस तिथे वेगळ्याच ओढीने जातो, कारण १९०९ मध्ये याच किनाऱ्यावर सावरकरांना सागराला साद घालणारी ती कविता सुचली. शहराबाहेर पॅचमच्या टेकडीवर छत्री हे संगमरवरी स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या रुग्णालयांत मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर तिथे अंत्यसंस्कार झाले होते. चढण चालत जावी लागते. जरूर जा.

बीची हेडचा कडा १६२ मीटर उंच आहे आणि खडू ठिसूळ आहे. फोटोसाठी काठावर जाऊ नका आणि कड्याच्या पायथ्याशी सावलीत बसू नका. वेस्ट विटरिंगला उत्तम वाळू आहे, वाहनतळाचं आरक्षण आधी करावं लागतं. डर्डल डोअरची कमान सकाळी नऊच्या आत बघा, ऑगस्टमध्ये नंतर रस्ताच तुंबतो. स्टडलंडला नग्नस्नानाची राखीव जागा आहे. पाट्या वाचून चाला म्हणजे आई-बाबा बरोबर असताना अवघडल्यासारखं होणार नाही. तिथल्या खाडीत समुद्रगवत आणि समुद्रघोडे आहेत, बोट असेल तर राखून ठेवलेल्या भागात नांगर टाकू नका. शाकाहारी मंडळींनी चिप्स घेताना तेल कुठलं ते विचारावं, काही दुकानांत गोमांसाच्या चरबीत तळतात. आणि सीगल हातातलं खाणं खरोखर हिसकावतात, पाठ भिंतीला लावून खा.

पायरी ८: निघण्याआधीची शेवटची दहा मिनिटं

लाइफजॅकेट प्रत्येकाने धक्क्यावरच घालायचं, पायांमधला पट्टा आवळायचा. तो सैल असेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली जातो. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, पूर्ण चार्ज करून. कोणी अडचणीत दिसलं तर ९९९ लावून ‘कोस्टगार्ड’ मागा, पोलीस किंवा ॲम्ब्युलन्स नाही. बोटीवर असाल तर रेडिओचा चॅनल १६. नुसतं ‘बीचवर आहोत’ असं सांगू नका, जवळच्या धक्क्याचं किंवा हॉटेलचं नाव सांगा. मदतीला येणारी लाइफबोट बहुतेक ठिकाणी १८२४ मध्ये स्थापन झालेल्या आरएनएलआय (रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन) या संस्थेची असते. तिच्यावरची माणसं स्वयंसेवक असतात आणि संस्था देणग्यांवर चालते, तिचं मुख्यालय पूलमध्येच आहे. बुडणाऱ्याच्या मागे स्वतः उडी मारू नका. दोरी, फुगा, रिकामी मोठी बाटली, तरंगणारं काहीही फेका आणि त्याच्यावरची नजर काढू नका.

सेफट्रॅक्स हे फुकट ॲप फोनवर घ्या. त्यात बोटीचं वर्णन, माणसं किती, कुठून कुठे आणि कधी पोचणार हे भरा, आणि किनाऱ्यावरच्या एका जबाबदार माणसाचा नंबर द्या. ठरलेल्या वेळेत तुम्ही पोचल्याचं नोंदवलं नाही तर त्या व्यक्तीला संदेश जातो. पुण्यात बसलेल्या बहिणीचा नंबर देऊ नका, इथेच राहणारा आणि फोन उचलणारा कोणीतरी द्या. आणि पोचल्यावर, जेवायला बसण्याआधी, सहल संपल्याची नोंद करा.